दोन याद्या आणि एक समुद्र
(प्रस्तावना)

दर वर्षी १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान एकमेकांना दोन याद्या देतात. एक अणुकेंद्रांची, दुसरी कैदेतल्या माणसांची. पहिलीचा करार ३१ डिसेंबर १९८८ चा. तो २७ जानेवारी १९९१ ला अंमलात आला आणि १ जानेवारी १९९२ पासून हा नेम एकदाही चुकलेला नाही. २००२ च्या नववर्षाला दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती, तरी यादी वेळेवर गेली. या यादीतल्या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. दुसरी यादी २१ मे २००८ च्या करारानुसार वर्षातून दोनदा निघते, १ जानेवारीला आणि १ जुलैला. तिच्यात नागरी कैद्यांची नावं असतात आणि मच्छिमारांची.

पहिल्या यादीतला मजकूर जाहीर होत नाही. पण वीज बनवणारी अणुभट्टी करारातल्या व्याख्येत बसते आणि पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या केंद्रात १९६९ पासून वीज बनते आहे. तेव्हा ते नाव तिथे असणारच. दुसऱ्या यादीत पालघर जिल्ह्यातली माणसं वर्षानुवर्षं असतात. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी आणि किनाऱ्यावरच्या गावांतले लोक ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागतात आणि कराचीच्या मलीर तुरुंगात पोचतात. १ जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानने आपल्याकडचे २१७ मच्छिमार भारतीय असल्याचं कळवलं. भारताने आपल्याकडचे ८१ पाकिस्तानी मच्छिमार कळवले. त्या दिवशी अणुकेंद्रांची यादीही गेली, लागोपाठ चौतिसाव्यांदा.

एकाच किनाऱ्याचं नाव दोन्ही याद्यांत आहे. या पुस्तकाचा विषय याच किनाऱ्यावरच्या सातपाटी या मच्छिमार गावातून सांगतो आहे तो त्यासाठी. उत्तर अरबी समुद्रातली लष्करी स्पर्धा, तिच्यातला धाक आणि तिच्यातल्या ठिणगीच्या जागा हा अभ्यास एरवी दिल्लीत, कराचीत, वॉशिंग्टनमध्ये लिहिला जातो. तिथून पाहिलं की जहाजं दिसतात, पाणबुड्या दिसतात, क्षेपणास्त्रांचा पल्ला दिसतो. धक्क्यावरून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते: या समुद्रात मोठ्या गोष्टी जपण्याची व्यवस्था चांगली बसली आहे आणि तिचा खर्च लहान बोटींच्या खात्यावर पडतो. पुढची सगळी प्रकरणं या एका वाक्याची उलटतपासणी आहेत असं समजा.

नव्या वाचकाने आधी शब्दांपाशी थांबावं. संरक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रतिरोधन’ हा शब्द असतो. तो अचूक आहे, पण घरात कोणी वापरत नाही. घरात आपण धाक म्हणतो, जरब म्हणतो, वचक म्हणतो, आणि हे तिन्ही एक नाहीत. धाक नुसत्या अस्तित्वानेही राहतो. वडील ओटीवर बसले आहेत एवढं पुरतं. जरब बसायला एकदा तरी काही घडावं लागतं. वचक म्हणजे त्या घडलेल्याची आठवण, जी पुढे काही न करता काम करत राहते. १९७१ च्या डिसेंबरात भारतीय नौदलाने कराचीवर दोन हल्ले केले, ४ तारखेच्या रात्री ‘ट्रायडंट’ आणि ८ तारखेच्या रात्री ‘पायथन’. निर्घात, निपात आणि वीर या लहान क्षेपणास्त्र नौका पहिल्या हल्ल्यात होत्या. ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडाली. ही जरब. पुढची कित्येक वर्षं उत्तर अरबी समुद्रात जो भाव राहिला तो वचक. आणि ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक परतले नाहीत. त्याचाही वचक राहिला, दुसऱ्या बाजूने. समुद्रात वचक एकट्याचा नसतो, हा या विषयातला पहिला धडा.

दुसरा धडा तांडेलाकडून, म्हणजे बोट चालवणाऱ्याकडून घ्यावा. ओख्याच्या बोटींवर काही हंगाम काढलेल्या एकाला मी विचारलं होतं, हातात यंत्र असताना, पडद्यावर सागरी सीमेची रेषा दिसत असताना बोट पलीकडे जाते कशी? त्याने उत्तर तिथीपासून सुरू केलं. भांग असला तर वांधा नाय, म्हणाला. भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी मंद असतं, जाळं टाकून इंजिन बंद केलं तरी बोट फारशी हलत नाही. उधाणाला ओघ जोराचा. जाळं पाण्यात लांबवर पसरलेलं, बोट त्याला बांधलेली, दोघं मिळून ओघाबरोबर चालतात. पहाटे जाळं ओढायला घेतलं की ते ओढून होईपर्यंत काही तास जातात. मधेच गस्ती नौका दिसली तर एकच प्रश्न उरतो: जाळं कापायचं की थांबायचं? जाळं कापलं तर हंगाम गेला. थांबलं तर कदाचित वर्षं गेली.

थॉमस शेलिंग या अमेरिकी अभ्यासकाने अणुयुगातल्या धाकाबद्दल साठच्या दशकात जे मांडलं त्याचा गाभा या उत्तरात आहे. त्याचं म्हणणं असं की समर्थ शत्रूला घातलेला धाक पूर्णपणे आपल्या हातात नसतो. त्यातला काही भाग योगायोगावर सोडलेला असतो आणि भीती त्या भागाचीच वाटते. ‘काठावर उभे आहोत’ असं आपण म्हणतो तेव्हा काठ सरळ धारेचा कडा असल्यासारखं बोलतो. शेलिंगच्या मते तो निसरडा उतार असतो. उधाणाच्या रात्री जाळ्याला बांधलेली बोट त्या उतारावरच असते.

आता ती रेषा. तिच्याबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही वाचकाने दारातच उतरवून ठेवावेत. पहिला गैरसमज असा की आंतरराष्ट्रीय सागरी सीमारेषा दोन्ही देशांनी मान्य केलेली आहे. ती मान्य नाही. ती ठरायची तर आधी जमिनीवरची सीमा समुद्राला कुठे मिळते ते ठरायला हवं, आणि ती जागा सर खाडीच्या तोंडाशी आहे. सातपाटीहून सरळ रेषेत सहाशेहून अधिक किलोमीटरवरची, कच्छ आणि सिंधच्या मधली, सुमारे ९६ किलोमीटर लांबीची दलदलीची ही खाडी. तिच्यावरून कच्छचे राव आणि सिंधचा कारभार यांच्यात भांडण जुंपलं ते १९०८ च्या सुमारास, सरपणावरून. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे निवाडा मुंबई सरकारने केला, १९१४ च्या ठरावाने. आमचा पालघर तालुका, तेव्हाचा माहीम तालुका, ज्या सरकारच्या दप्तरात होता त्याच दप्तरातला हा कागद. ठरावासोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्वेच्या काठावरून हिरवी रेषा काढलेली आहे. पाकिस्तान ती धरून बसतो. भारताचं म्हणणं असं की ती रेषा ढोबळ दिशा दाखवते, आणि नौकानयनयोग्य खाडीत सीमा मधल्या प्रवाहातून जाते, जशी ती १९२५ च्या नकाशात दाखवली आहे. १९६८ च्या कच्छ लवादाने रणाचा प्रश्न निकाली काढला, खाडी बाजूला राहिली. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून पाहणी केली. २०१२ च्या जूनमध्ये दिल्लीत बोलणी झाली आणि पुढे गाडं अडलं.

खाडीचा चिखल कोणाला हवा आहे, असं कोणी विचारेल. चिखल कोणालाच नको असतो. खाडीच्या तोंडाचा बिंदू थोडा सरकला तर तिथून समुद्रात काढलेली रेषा शेकडो चौरस किलोमीटर पाणी इकडचं तिकडे करते, आणि त्या पाण्याखाली तेल-वायू असण्याची आशा दोघांनाही आहे. मासळी तर आहेच: सिंधूच्या मुखाजवळचं गाळाचं, कांदळवनांचं पाणी. याच भागात, कारगिल संपून महिना होत नाही तोच, १० ऑगस्ट १९९९ ला भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानी नौदलाचं ‘अटलांटिक’ विमान पाडलं आणि त्यातली सोळा माणसं गेली. ते कोणाच्या हद्दीत होतं यावर दोन्ही देशांचं आजही एकमत नाही. ज्या जागेची हद्दच ठरलेली नाही तिथे ते होणार तरी कसं?

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: रेषा ठरली की मच्छिमार सुटले. दक्षिणेकडे पाहा. भारत आणि श्रीलंकेने १९७४ आणि १९७६ च्या करारांनी पाल्कच्या सामुद्रधुनीतली आणि मन्नारच्या आखातातली सीमा ठरवली, कच्चतीवू बेट पलीकडे गेलं; तरी रामेश्वरमच्या बोटी पकडल्या जायच्या थांबल्या नाहीत. मासळी आपल्या ओघाने फिरते आणि बोट मासळीच्या मागे जाते. हे आम्हाला नवं नाही. डोलीचं जाळं ओघात तोंड उघडून उभं राहावं म्हणून समुद्रतळात खुंट ठोकतात; जिथे खुंट ठोकला ती कव. कवींच्या हद्दीवरून पालघर-डहाणूकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छिमार किती वर्षं भांडत आहेत ते इथल्या कोणालाही विचारा. एकीकडे वाहतं जाळं, दुसरीकडे उभी डोल. दोघांना एकच पाणी हवं. दोन्हीकडे एकाच राज्याचे लोक, एकाच दर्याला नारळ वाहणारे. सागरी सीमावादाचं व्याकरण शिकायचं असेल तर कवींचा वाद हे उत्तम प्राथमिक पुस्तक आहे: ताबा आधी, कागद नंतर आणि हंगाम कोणासाठी थांबत नाही.

कागदाचीही इथे जुनी परंपरा आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी या समुद्रात कर्ताझ सुरू केला: त्यांचा परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. समुद्र कोणाच्या मालकीचा होऊ शकतो ही कल्पनाच या किनाऱ्याला त्या कागदाने शिकवली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालवले आणि परक्या जहाजांकडून तेच मागितलं. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात जहाजांच्या लाकडासाठी रयतेची आंब्याफणसाची झाडं बळजोरीने तोडू नयेत अशी ताकीद आहे. आरमाराचा खर्च कोणाच्या दारात जाऊन पडतो याचं भान तिथे दिसतं. आजच्या धोरणपत्रांत मी ते शोधत असतो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या पोर्तुगीजांविरुद्धच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर एकामागून एक पडले; तारापूर घेताना बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. सातपाटीला लागून असलेला शिरगावचा कोट आजही उभा आहे. त्याच्या बुरुजावरून जो समुद्र दिसतो त्यावर आज तटरक्षक दलाची गस्त असते, मच्छिमाराच्या खिशात बायोमेट्रिक ओळखपत्र असतं आणि बोटीवर राज्याने ठरवून दिलेला रंग असतो.

हे ओळखपत्र २००८ नंतरचं. त्या वर्षी नोव्हेंबरात पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट दहशतवाद्यांनी समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारलं आणि तिच्यावरून ते मुंबईच्या तोंडाशी आले. तेव्हापासून मच्छिमार एकाच वेळी देशाचे डोळे-कान ठरला आणि संशयितही. सागरी पोलीस ठाणी झाली, सातपाटीलाही झालं. ‘सागर कवच’सारखे सराव होतात आणि खोट्या घुसखोरांना पकडण्याची परीक्षा होते. ही व्यवस्था चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जिथे अणुभट्टी आहे आणि जिथे वाढवणला ७६,२०० कोटी रुपयांचं बंदर मंजूर झालं आहे, तिथे पहारा लागणारच. पण किनाऱ्यावर जपण्याजोगी मोठी वस्तू आली की तिच्याभोवती मनाईचं पाणी येतं आणि ते पाणी कोणाच्या तरी मासेमारीतून कापलेलं असतं, हे हिशोबात धरायला हवं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. धाकाचा खर्च मांडताना ती गावं कुठल्या रकान्यात लिहायची?

ग्लेन स्नायडर या अभ्यासकाने १९६५ मध्ये एक विरोधाभास मांडला. वरच्या पातळीवर, अण्वस्त्रांच्या पातळीवर, धाक जितका पक्का, तितकं खालच्या पातळीवर कुरापती काढणं सुरक्षित वाटू लागतं. कारण मोठं युद्ध होणार नाही याची दोघांना खात्री असते. भारत-पाकिस्तानवर लिहिणाऱ्यांनी हा विचार कारगिलला लावला, मुंबईला लावला. मी तो दुसऱ्या यादीला लावून पाहतो. ६ नोव्हेंबर २०२१ ला ओख्याच्या बाजूला ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळीबार केला असा आरोप झाला. पालघर तालुक्यातला एक खलाशी त्यात गेला. भारताने पाकिस्तानच्या राजनैतिक अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला, दुसऱ्या बाजूने आपली हकिगत वेगळी सांगितली. युद्ध झालं नाही, होणारही नव्हतं. धाकाच्या दृष्टीने ती घटना यशस्वी ठरते, कारण ती वर सरकली नाही. त्या खलाशाच्या गावाच्या दृष्टीने काय ठरते, ते सांगायला वेगळं शास्त्र लागतं, आणि ते आपल्याला लिहायचं आहे.

मार्ग नाहीत असं नाही. समुद्रकायद्याच्या १९८२ च्या करारातलं ७३ वं कलम सांगतं की अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला तर, संबंधित देशांत तसा समझोता नसल्यास, तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही. बोट आणि माणसं वाजवी हमीवर लवकर सोडायची असतात. दोन्ही देशांनी हा करार मान्य केलेला आहे. अर्थात बारा सागरी मैलांच्या आत सार्वभौम पाणी असतं, तिथे हे कलम लागत नाही, आणि रेषाच वादात असेल तर कोण कुठे होतं हाच पहिला वाद. १९९१ च्या दुसऱ्या एका, लष्करी सरावांबाबतच्या करारात दोन्ही नौदलांच्या जहाजांनी एकमेकांच्या तीन सागरी मैलांच्या आत जाऊ नये असं ठरलं आहे. २००५ मध्ये दोन्ही तटरक्षक दलांत थेट संपर्काचा समझोता झाला. युद्धनौकांना अंतर मिळालं, भट्ट्यांना यादी मिळाली. मच्छिमारांनाही यादी मिळाली, पण ती पकडल्यानंतरची.

बाहेरचं एक उदाहरण सोबत ठेवा. आइसलँड आणि ब्रिटन या नाटोतल्या दोन मित्रदेशांत १९५८ ते १९७६ या काळात कॉड माशावरून तीनदा झगडा पेटला. ब्रिटनकडे युद्धनौका होत्या. आइसलँडच्या गस्ती बोटींकडे ट्रॉलरच्या जाळ्याचे दोर कापणारं एक अवजार होतं, आणि नाटो सोडण्याची धमकी होती. शेवटी २०० मैलांचा हक्क आइसलँडने मिळवला. शस्त्रांची बेरीज करून समुद्रातल्या स्पर्धेचा निकाल वर्तवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. दक्षिण चीन समुद्रात उलट चित्र दिसतं: तिथे मासेमारी बोटीच राज्यसत्तेची पुढची फळी झाल्या आहेत, आणि २०१६ चा लवादाचा निवाडा चीनने मानलेला नाही. मच्छिमाराला सैनिक केलं की त्याच्या बोटीला युद्धकाळात मिळणारी सवलत संपते. आपल्या किनाऱ्यावर ‘डोळे-कान’ हा शब्द वापरताना ही सीमा सांभाळावी लागेल.

या पुस्तकात काय आहे ते थोडक्यात. पहिला भाग इतिहासाचा, कर्ताझपासून कराचीपर्यंत. दुसरा कायद्याचा आणि नकाशांचा. तिसरा धाकाच्या सिद्धांताचा. तो सर्वांत कोरडा वाटेल, पण त्याला टाळून पुढे जाऊ नका. चौथा भाग किनाऱ्याचा. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात भारताच्या विमानवाहू नौकेचा ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे गेला होता आणि १० मेला गोळीबार थांबला. त्या दिवसांवर अजून पुरेसे कागद खुले नाहीत, म्हणून त्यावर निष्कर्ष काढायची घाई इथे केलेली नाही.

वाचकाकडे तीन मागण्या आहेत. दोन्ही देशांचे दावे वाचताना दावा कोणता आणि नोंद कोणती हे समासात लिहीत चला. ‘सीमा ओलांडली’ हे क्रियापद दिसलं की कोणती सीमा, कोणी आखलेली, असं विचारा. आणि शक्य असेल तर मलीरहून सुटून आलेल्या एखाद्या माणसाशेजारी तासभर बसा. मराठीत युद्धकथा पुष्कळ आहेत, आरमाराचा इतिहासही चांगला लिहिला गेला आहे. खलाशाची साक्ष मात्र अजून कोर्टाच्या आणि वकिलातीच्या कागदांतच आहे. ती उतरवून घेणारा कोणी विद्यार्थी या पानांवरून उठला, तर प्रस्तावना लिहिण्याचं सार्थक झालं.

तोवर एक सोपं काम करा. येत्या १ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन्ही याद्यांच्या बातम्या येतील, बहुधा आतल्या पानावर, चार-चार ओळींच्या. त्या कापून एकाच वहीत समोरासमोर चिकटवा. पहिलीतली नावं बातमीत नसतील. दुसरीतला आकडा दर वेळी लिहून ठेवा.

सातपाटी,
नारळी पौर्णिमा, शके १९४७